अर्देशीर गोदरेज

अर्देशीर बुर्जोरजी सोराबजी गोदरेज (जन्म : २६ मार्च १८६८, मुंबई, मृत्यू : १९३६) हे भारतीय उद्योजक व संशोधक होते. कुलपे, तिजोऱ्या आणि वनस्पती तेलापासून बनवलेला साबण यांच्या भारतातील उत्पादनाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. त्यांनी १८९७ साली मुंबईत सुरू केलेल्या कुलपांच्या कारखान्यातूनच पुढे गोदरेज उद्योगसमूह उभा राहिला.

कुटुंब व पूर्वायुष्य

अर्देशीर यांचा जन्म मुंबईतील एका पारशी कुटुंबात झाला. बुर्जोरजी आणि दोसीबाई यांच्या सहा अपत्यांत ते सर्वांत थोरले होते. आजोबा सोराबजी व वडील बुर्जोरजी हे जमीनजुमल्याच्या व्यवहारात होते. कुटुंबाचे मूळ आडनाव निराळे होते. अर्देशीर लहान असतानाच वडिलांनी ते बदलून 'गोदरेज' असे केले.

१८९० साली त्यांचा विवाह बच्चूबाई यांच्याशी झाला. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १८९१ रोजी, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरवरून पडून बच्चूबाई आणि त्यांच्या एका तरुण नातलग स्त्रीचा मृत्यू झाला. त्यावरून झालेला खटला त्या काळी मुंबईत फार गाजला. अर्देशीर यांनी पुन्हा विवाह केला नाही. त्यांना अपत्य नव्हते.

वकिलीचा त्याग

कायद्याचे शिक्षण पूर्ण झाल्यावर १८९४ साली एका खटल्याच्या कामासाठी ते पूर्व आफ्रिकेतील झांजिबार येथे गेले. पक्षकाराच्या बाजूने बोलताना सत्याला मुरड घालावी लागेल, असे तेथे त्यांच्या लक्षात आले. तसे करण्यास त्यांनी नकार दिला. वकिलीचा व्यवसाय कायमचा सोडून ते मुंबईस परतले.

काही काळ त्यांनी औषधांच्या दुकानात साहाय्यक म्हणून काम केले. नंतर वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्जाऊ घेऊन त्यांनी शस्त्रक्रियेची उपकरणे तयार करण्यास आरंभ केला. चिमटे, कात्र्या, सुऱ्या या वस्तू ग्राहक पेढीच्या पसंतीस उतरल्या. मात्र त्यांवर भारतात बनल्याची खूण घालण्यास पेढीच्या इंग्रज मालकाची तयारी नव्हती. खूण काढून माल विकण्यापेक्षा अर्देशीर यांनी तो व्यवसायच बंद केला.

कुलपांचा कारखाना

याच सुमारास मुंबईत घरफोड्यांचे प्रमाण वाढले होते आणि त्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. त्या वाचून अर्देशीर यांचे लक्ष कुलपांकडे वळले. त्या काळच्या स्वस्त कुलपांत चुकीची किल्ली अडावी म्हणून आत केवळ काही पट्ट्या बसवलेल्या असत. त्या पट्ट्या चुकवील अशी घासून बारीक केलेली एकच किल्ली अनेक कुलपांना लागू पडे. लिव्हरच्या कुलपाची रचना निराळी असते. त्यात एकावर एक बसवलेले अनेक लिव्हर असतात आणि किल्लीच्या प्रत्येक दात्याने आपापला लिव्हर नेमक्या उंचीला उचलावा लागतो. एखादा लिव्हर कमी वा अधिक उचलला गेला, तर दांडा सरकत नाही. म्हणून अशा कुलपाचा भरवसा लिव्हरांची संख्या आणि त्यांच्या घडणीतील अचूकपणा यांवर अवलंबून असतो.

७ मे १८९७ रोजी लालबाग येथे, गॅस कंपनीच्या आवाराशेजारी, सुमारे २१५ चौरस फुटांच्या एका शेडमध्ये त्यांनी काम सुरू केले. यासाठीही कामा यांनीच पैसे पुरवले. गुजरात व मलबार येथून सुमारे डझनभर कारागीर आणले गेले. 'अँकर' या नावाने विकल्या जाणाऱ्या पहिल्या कुलपांसोबत अर्देशीर हमीपत्र देत. प्रत्येक कुलूप व किल्ली ही स्वतंत्र जोडी असून दुसऱ्या कोणत्याही किल्लीने ते कुलूप उघडणार नाही, अशी ती हमी होती.

त्यानंतर आलेली कुलपे घरमालकाच्या वेगवेगळ्या अडचणी ओळखून घडवलेली होती. 'गॉर्डियन' कुलपाला दोन किल्ल्या असत. दोहोंनीही ते उघडे. परंतु त्यांपैकी एका किल्लीने आतील रचना अशी बदलता येई, की दुसरी किल्ली निरुपयोगी ठरे. एक किल्ली नोकराकडे वा अन्य कोणाकडे द्यावी लागली, तरी कुलपावरचा अखेरचा ताबा मालकाकडेच राही. 'डिटेक्टर' कुलपात परकी किल्ली फिरवली, की आतील दांडा अडकून बसे. मालकाने आपली किल्ली लावताच कोणीतरी कुलूप उघडण्याचा प्रयत्न केल्याचे त्याला कळे. इंग्लंडमध्ये चब यांनी १८१८ साली याच तत्त्वावरचे कुलूप बनवले होते. अर्देशीर यांनी ते तत्त्व भारतीय कारखान्यात उतरवले.

त्यांचे स्वतःचे महत्त्वाचे संशोधन म्हणजे स्प्रिंग नसलेले कुलूप. त्याचे त्यांनी पेटंट घेतले. नेहमीच्या कुलपात लिव्हर जागेवर राहावेत म्हणून बारीक स्प्रिंगा असतात. त्या गंजल्या, सैल पडल्या वा तुटल्या, की योग्य किल्लीनेही कुलूप उघडेनासे होते. स्प्रिंगच वगळल्याने बिघाडाचे हे कारण उरले नाही.

तिजोऱ्या

विसाव्या शतकाच्या प्रारंभी अर्देशीर तिजोऱ्यांकडे वळले. दाराचा बाहेरचा पत्रा फोडला, तरी कुलूप शाबूत राहावे म्हणून त्यांनी दुहेरी पत्र्याचे दार वापरले आणि कुलूप व बिजागऱ्या आतल्या पत्र्याला जोडल्या. आगीतही आतील कागदपत्रे सुरक्षित राहतात, हे लोकांना दाखवण्यासाठी तिजोऱ्यांची जाहीर अग्निपरीक्षा घेण्यात आली. धाकटे बंधू पिरोजशा याच काळात व्यवसायात आले. मेरवानजी कामा यांच्या सूचनेवरून त्यांचे भाचे बॉइस यांना अर्देशीर यांनी भागीदार करून घेतले. ते लवकरच बाहेर पडले. 'गोदरेज अँड बॉइस' हे नाव मात्र कायम राहिले.

साबण व स्वदेशी

त्या काळी साबणात प्राण्यांची चरबी वापरण्याचा प्रघात होता. अनेक भारतीयांना ती धार्मिक कारणाने वर्ज्य होती. अर्देशीर यांनी वनस्पती तेलापासून साबण तयार केला आणि १९१८-१९ च्या सुमारास तो बाजारात आणला. कुलपांच्या व्यवसायाशी नाते सांगणारे 'चावी' हे नाव त्याला दिले गेले.

१९२१ साली त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. स्वदेशीचे ते पुरस्कर्ते होते. तथापि निकृष्ट माल केवळ देशी आहे म्हणून लोकांनी जास्त किंमत देऊन घ्यावा, हा विचार त्यांना मान्य नव्हता. देशी वस्तू परदेशी वस्तूच्या तोडीची असली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. उपकरणांवर देशाचे नाव घालण्याचा हट्ट आणि कुलपासोबत लेखी हमी देण्याची पद्धत या दोहोंमागे हीच भूमिका दिसते.

अखेरची वर्षे व वारसा

१९२८ साली व्यवसायाची सूत्रे पिरोजशा यांच्याकडे सोपवून अर्देशीर नाशिकला शेती करण्यासाठी गेले. तेथील प्रयोगांना फारसे यश आले नाही. १९३६ साली त्यांचे निधन झाले.

पिरोजशा यांच्या कारकिर्दीत कारखान्याचा विस्तार विक्रोळी येथे झाला. स्वतंत्र भारताच्या १९५१-५२ मधील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लागणाऱ्या पोलादी मतपेट्या तेथे तयार झाल्या. पुढे याच कंपनीचे 'नवताल' हे लिव्हरचे कुलूप महाराष्ट्रातील असंख्य घरांच्या कडीकोयंड्यांवर दिसू लागले. कुलूप विकत घेताना आजही ग्राहक लिव्हर किती आणि दुसऱ्या किल्लीने ते उघडेल का, हे विचारतात. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अर्देशीर यांनी आपल्या पहिल्याच कुलपासोबत लेखी दिले होते.