जॉन बॉइड डनलॉप : सायकलच्या चाकात हवा भरणारा जनावरांचा डॉक्टर

रोज सायकलने कॉलेजला किंवा ऑफिसला जाणाऱ्यांना एक गोष्ट नक्की माहीत असते. टायरमधली हवा थोडी जरी उतरली, की नेहमीचा सपाट रस्तासुद्धा चढाचा वाटायला लागतो. पाय भरून येतात, घाम फुटतो. मग कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून हवा भरली, की तीच सायकल पुन्हा पळायला लागते. दोन मिनिटांत एवढा फरक पाडणारी ही हवा सायकलच्या चाकात आणली एका जनावरांच्या डॉक्टरने. त्यांचं नाव जॉन बॉइड डनलॉप.

हो, तेच डनलॉप! आपल्याकडे फोमच्या गादीला आजही सर्रास डनलॉपची गादी म्हणतात. गंमत म्हणजे गादीशी या माणसाचा काहीच संबंध नव्हता. ती त्यांच्या मृत्यूनंतर कंपनीने बनवली. आणि ज्या टायर कंपनीने त्यांचं नाव जगभर नेलं, तिच्यातूनही ते लवकरच बाहेर पडले होते. त्यांचं मूळ पेटंटसुद्धा टिकलं नाही. तरी आज टायर म्हटलं की त्यांचंच नाव का आठवतं? चला, सुरुवातीपासून बघूया.

शेतावरचा मुलगा, घोड्यांचा डॉक्टर

डनलॉप यांचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० रोजी स्कॉटलंडमधल्या ड्रेगहॉर्न या गावी, एका शेतकरी कुटुंबात झाला. एडिंबरामध्ये त्यांनी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं आणि काही वर्षं तिथेच प्रॅक्टिस केली. १८६७ मध्ये ते समुद्र ओलांडून आयर्लंडला गेले. आधी डाउनपॅट्रिक या छोट्या गावात आणि नंतर बेलफास्ट शहरात त्यांनी दवाखाना चालवला. १८७१ मध्ये मार्गारेट स्टीव्हन्सन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. त्यांना एक मुलगी आणि एक मुलगा झाला.

तेव्हा शहरातली सगळी वाहतूक घोड्यांवर चालायची. माल, माणसं, ट्राम, सगळं घोडेच ओढायचे. त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची कमी नव्हती. १८८० च्या दशकात डनलॉप यांचा दवाखाना आयर्लंडमधल्या मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांमध्ये गणला जायचा. म्हणजे बघा, पन्नाशीकडे झुकलेला, धंद्यात स्थिरावलेला माणूस. काहीतरी नवीन शोधून नशीब काढायची त्याला गरजच नव्हती.

तेव्हाची सायकल कशी होती?

इथे थोडं टेक्निकल समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. जुन्या चित्रांत पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं इवलंसं असलेली सायकल तुम्ही पाहिली असेल. तिला चेन नव्हती, पेडल थेट पुढच्या चाकाला जोडलेलं असायचं. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. त्यामुळे जास्त वेग हवा तर चाक मोठं करण्याशिवाय पर्याय नव्हता. मोठ्या चाकाचा अजून एक फायदा होता. छोटे खड्डे आणि दगडांमधल्या फटी त्याला कमी जाणवायच्या. तोटा मात्र जीवघेणा होता. ब्रेक जोरात लागला किंवा दगड आडवा आला, की माणूस एवढ्या उंचीवरून डोक्यावरच पडायचा. असली सायकल तरुण धाडसी पोरांची मजा होती. रोज कामावर जायला ती कोण वापरणार?

१८८५ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली यांनी रोव्हर नावाची सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन. आजच्या सायकलची ही आजीच. चेनमुळे चाक लहान करूनही वेग मिळाला आणि पडायची भीती कमी झाली. पण लहान चाक प्रत्येक खड्ड्यात उतरतं. त्यावर पट्टी होती भरीव रबराची. दगडी फरसबंदीवर ही सायकल चालवायची म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. एक प्रश्न सुटला होता, दुसरा उभा राहिला होता.

अंगणातला प्रयोग

१८८७ चं वर्ष. डनलॉप यांचा लहान मुलगा जॉनी तीनचाकी सायकल चालवायचा. बेलफास्टच्या रस्त्यांवर तिची भरीव चाकं खडखडायची आणि पोराला हादरे बसायचे. वडिलांनी त्यावर काही करता येतं का, हे बघायचं ठरवलं. रबर हाताळायची त्यांना सवय होती. त्यांनी पातळ रबराची नळी बनवली, तिच्यात फुटबॉलच्या पंपाने हवा भरली आणि ती सुमारे ९६ सेंटीमीटर व्यासाच्या लाकडी चकतीवर कापडाने घट्ट बसवली.

मग घरच्या अंगणातच टेस्ट झाली. एका बाजूला जॉनीच्या सायकलचं जुनं चाक, दुसऱ्या बाजूला हवेचं. दोन्ही सारख्याच जोराने ढकलून दिली. जुनं चाक मध्येच थांबलं. हवेचं चाक अंगण पार करून फाटकाच्या खांबाला धडकलं आणि उसळी मारून मागे आलं. डनलॉप यांना हवा होता आराम, पण हाती लागला वेगसुद्धा. लगेच जॉनीच्या सायकलच्या मागच्या दोन्ही चाकांना हवेचे टायर बसले. २३ जुलै १८८८ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मंजूरही झालं.

हवेमुळे नेमकं होतं काय?

समजा, चाकाखाली एक खडा आला. भरीव टायर दबत नाही, त्यामुळे चाक, सायकल आणि वर बसलेले तुम्ही, सगळेच खड्याच्या उंचीइतके वर उचलले जाता आणि खाली आदळता. ही उचलण्याची ताकद येते कुठून? तुम्ही पेडल मारून मिळवलेल्या वेगातूनच. म्हणजे पुढे जायची मेहनत वर-खाली होण्यात वाया जाते. हवेचा टायर मात्र खड्याच्या जागीच तेवढा आत दबतो, खडा जणू गिळतो, आणि लगेच पूर्ववत होतो. बाकीची सायकल सरळ पुढे जाते. म्हणून आराम आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच, एकाच कारणाचे दोन फायदे आहेत.

हवा कमी असेल तर काय होतं, तेही यावरून कळतं. टायर गरजेपेक्षा जास्त चपटा होतो. प्रत्येक फेऱ्यात त्याच्या बाजूच्या भिंती वाकत आणि सरळ होत राहतात. त्यात ताकद खर्च होते आणि तिची उष्णता बनते. उलट हवा खूपच ठासून भरली, तर टायर पुन्हा भरीव टायरसारखा वागायला लागतो आणि हादरे परत येतात.

क्लबवाल्यांनी नाव केलं

घरातला शोध बाजारात आला तो बेलफास्टच्या सायकलवाल्यांमुळे. तिथल्या बेलफास्ट क्रूझर्स सायकलिंग क्लबचा कॅप्टन होता विली ह्यूम. त्याने हवेच्या टायरची सायकल घेतली आणि १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर तो शर्यतीत उतरला. ते जाडजूड टायर बघून लोक हसले. त्या दिवशी ह्यूम चार शर्यतींत उतरला आणि चारही जिंकला. हसणं थांबलं. थोड्याच दिवसांनी इंग्लंडमधल्या लिव्हरपूललाही त्याने बाजी मारली.

बेलफास्टला हरलेल्यांमध्ये हार्वे ड्यू क्रो यांची मुलंही होती. हे ड्यू क्रो डब्लिनमधले कागदाचे व्यापारी आणि आयर्लंडच्या सायकलस्वारांच्या संघटनेचे अध्यक्ष. मुलं हरली म्हणून रागावण्याऐवजी त्यांनी टायरकडे नीट बघितलं. १८८९ मध्येच डब्लिनमध्ये कंपनी उभी राहिली. कंपनीची सूत्रं ड्यू क्रो यांच्याकडे होती. डनलॉप यांनी पेटंट कंपनीच्या नावावर करून दिलं आणि बदल्यात १,५०० शेअर घेतले.

आणि पेटंट गेलं!

पेटंट मिळून दोन वर्षं होतात न होतात तोच डनलॉप यांना कळवण्यात आलं, की ते ग्राह्य धरता येणार नाही. कारण ही कल्पना आधीच कोणीतरी नोंदवून ठेवली होती. रॉबर्ट विल्यम थॉमसन, तेही स्कॉटलंडचेच. १८४५ मध्ये, वयाच्या अवघ्या २३ व्या वर्षी, त्यांनी हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं आणि घोडागाडीला तशी चाकं लावूनही दाखवली होती. १८७३ मध्ये ते वारले, आणि लोक त्यांचं चाक विसरूनही गेले होते. डनलॉप यांना त्याची काहीच कल्पना नव्हती.

मग खरा शोध कोणाचा? आपल्या हातातल्या फोनचंच उदाहरण घ्या. टचस्क्रीनचा फोन आयबीएमने १९९४ मध्येच विकायला आणला होता, त्याचं नाव सायमन. पण टचस्क्रीन घरोघरी पोचली ती २००७ च्या आयफोननंतर. थॉमसन यांचंही तसंच झालं. त्यांच्या काळात पेडल मारायच्या सायकली रस्त्यावर नव्हत्या आणि घोडागाडीचं वजन ओढताना त्रास व्हायचा तो घोड्याला. गाडीमालकाने महागडं रबर कशासाठी घ्यायचं? १८८८ मध्ये मात्र चाक फिरवणारे पाय माणसाचे स्वतःचे होते. ताकद वाचली तर ती लगेच स्वतःला जाणवायची. कल्पना पहिली थॉमसन यांची, हे मान्य करायलाच हवं. तिला गरजू माणसं मिळाली ती डनलॉप यांच्या वेळी.

पंक्चरचा प्रश्न

पेटंट गेल्यावर कंपनी बुडायला हवी होती. ती वाचली पुढच्या सुधारणांमुळे. डनलॉप यांचा पहिला टायर रिमला कापडाने आणि रबराच्या सोल्युशनने चिकटवलेला असायचा. पंक्चर झालं, की सगळं सोलून काढा, ठिगळ लावा, पुन्हा चिकटवा आणि वाळायची वाट बघा. असल्या टायरवर रोज कामावर जाणं अवघडच होतं. १८९० मध्ये चार्ल्स वेल्च आणि विल्यम बार्टलेट या दोघांनी वेगवेगळ्या पद्धतींनी काढता-घालता येणारे टायर बनवले. वेल्च यांनी टायरच्या कडेत तार घातली. ती आजही तुमच्या टायरमध्ये आहे. ड्यू क्रो यांनी ही दोन्ही पेटंट विकत घेतली आणि कंपनी सावरली. दुकानदार टायर झटपट सोडवून ट्यूब बाहेर काढतो, ते त्या सुधारणांमुळेच.

पैसा दुसऱ्यांचा, नाव डनलॉपचं

१८९५ मध्ये डनलॉप यांनी आपला हिस्सा विकला आणि टायरच्या धंद्यातून अंग काढून घेतलं. पुढच्याच वर्षी टेरा हूली नावाच्या भांडवलदाराने ती कंपनी ३० लाख पौंडांना विकत घेतली आणि लोकांना शेअर विकून ५० लाख उभे केले. मूळ शोधकाला यातलं मोठं घबाड मिळालं नाही. ते डब्लिनमध्ये राहत होते आणि एका कापडाच्या दुकानात त्यांची भागीदारी होती. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. तोपर्यंत त्यांच्या नावाचे टायर मोटारगाड्यांनाही लागले होते.

भारतात डनलॉपचा कारखाना १९३६ मध्ये बंगालमधल्या साहागंजला सुरू झाला. आपल्याकडे ग्रामीण भागात रबरी टायरच्या बैलगाडीला अनेक ठिकाणी डनलॉप गाडी म्हणतात. लाकडी चाकांपेक्षा ती ओढायला हलकी. घोड्यांवर उपचार करण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या डॉक्टरचं नाव असं बैलांच्या गाडीलाही लागलं.

आता तुमच्या सायकलचं काय? टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत हवेचा दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो. मोबाइलच्या टॉर्चमध्ये तो एकदा वाचून ठेवा. हवा न वापरताही हळूहळू उतरते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तपासा. काळ्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये एक बारीक रबरी नळी असते, तिला दुकानदार वॉलट्यूब म्हणतात. पंक्चर नसतानाही हवा जात असेल तर आधी तीच बदलून बघा, काही रुपयांत काम होतं. त्या व्हॉल्व्हलाही जगात बऱ्याच ठिकाणी डनलॉप व्हॉल्व्ह म्हणतात. तो मात्र डनलॉप यांनी बनवलेला नाही!