साने गुरुजींच्या चरित्रातील गाळलेले पान

साने गुरुजींचे चरित्र शाळाशाळांतून सांगितले जाते. परंतु राजुरीची शाळा असो की मुंबईची, ते बहुधा पंढरपूरच्या उपोषणापाशी संपते. पुढची तीन वर्षे वगळण्याचे हे मौन तपासून पाहावयास हवे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड येथे झाला. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. वसतिगृहातील मुलांची अंथरुणे त्यांनी आवरली, त्यांचे कपडे धुतले, त्यांच्यासाठी दैनिक काढले. १९३० मध्ये नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली. आपण आईच्या कसोटीस उतरलो नाही ही श्यामची टोचणी त्या पुस्तकात पुनःपुन्हा येते; लेखकालाही ती जन्मभर पुरली. १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये पुन्हा एकवीस दिवस अन्न वर्ज्य केले. अपराध दुसऱ्याचा, प्रायश्चित्त यांचे! त्याच वर्षी ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. ११ जून १९५० रोजी मुंबईत, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी स्वतःचे जीवन संपविले.

त्यामागे एकच कारण होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परंतु विद्यार्थ्यांच्या चुका पोटात घालणारे गुरुजी स्वतःचे उणे फार कठोरपणे मोजीत, हे त्यांच्या लेखनावरून दिसते. त्या कठोरपणाला आपण संतत्व म्हटले. ते दुखणेही असू शकेल हे कोणाच्या मनात आले नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात मनोविकारांवर उपचार १९३८ पासून मिळत होते. पण ज्याला आई मानले त्या गुरुजींनी त्या दाराशी जावे, हे तत्कालीन समाजास रुचले असते काय?

आज तरी काय रुचते? आपल्या पुणे जिल्ह्यात ‘येरवड्याला पाठवा’ हा अजूनही टोमणाच आहे. दोन गुण कमी पडले म्हणून रात्र जागून काढणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, आणि हिशेबातील एका चुकीने अन्न गोड न लागणारा कारकून ‘प्रामाणिक’ ठरतो. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले असून, त्याची शुश्रूषा करण्याचे कर्तव्य सरकारवर टाकले आहे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. जूनमध्ये शाळा उघडतात तेव्हा गुरुजींची पुण्यतिथीही येते. त्या दिवशी शिक्षकांनी हे गाळलेले पान वर्गात उघडावे आणि फळ्यावर हा क्रमांक लिहावा.