डॉ. रुस्तम जाल वकील

परळच्या बाजूस राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेलें के. ई. एम., चांगलेंच परिचयाचें आहे. 1926 सालीं सुरू झालेल्या ह्या रुग्णालयाशीं ज्यांचें नांव निगडित आहे, त्या एका पारशी वैद्यांचें कार्य मात्र फार थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून त्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें देत आहों.

डॉ. रुस्तम जाल वकील यांचा जन्म 1911 सालीं झाला. लंडन येथें वैद्यकाचा अभ्यास पुरा करून ते मायदेशीं परतले व मुंबईंत हृद्रोगाचे तज्ज्ञ म्हणून काम करूं लागले. त्या काळीं वाढलेल्या रक्तदाबावर भरंवशाचें असें औषध नव्हतें. विश्रांति घ्यावी, मीठ कमी खावें, चिंता करूं नये, इतकेंच सांगून वैद्यास स्वस्थ बसावें लागे.

आपल्या देशांत मात्र सर्पगंधा नांवाची एक वनस्पति पुरातन काळापासून प्रसिद्ध होती. सर्पदंशावर, वेडावर व निद्रानाशावर तिची मुळी देत असत. बिहाराकडे तर रडणाऱ्या मुलांस निजविण्याकरितांहि ती वापरीत. 1931 सालीं कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद व रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो असें लिहिलें; परंतु परदेशांतील वैद्यांचें तिकडे फारसें लक्ष गेलें नाहीं.

डॉ. वकील यांनीं ही मुळी कित्येक वर्षें रोग्यांस देऊन पाहिली. परंतु लोक म्हणतात म्हणून खरें, असें मानणाऱ्यांपैकीं ते नव्हते. रक्तदाबाच्या 50 रोग्यांवर त्यांनीं तिचा पद्धतशीर प्रयोग केला. औषधापूर्वीं दाब किती होता, नंतर किती झाला, आणि रोग्यास कोणता त्रास झाला, याची नोंद ठेविली. बहुतेकांचा दाब उतरला. हा वृत्तान्त 1949 सालीं ब्रिटिश हार्ट जर्नल या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेंतील डॉक्टरहि हें औषध वापरून पाहूं लागले.

ह्या शिस्तीचें मोल परळ-लालबागच्या लोकांस विशेष कळावें. याच भागांतील चाळींत, साठ-सत्तर नव्हे तर सुमारें शंभर वर्षांपूर्वीं, गिरणीवर जाणाऱ्या कित्येक माता तान्ह्या मुलास अफूची बाळागोळी देऊन निजवीत. त्यांना दोष देण्यास आमची जीभ धजत नाहीं. दिवसभर यंत्रापुढें उभें राहिल्यावांचून त्यांची चूल पेटत नव्हती. परंतु गुंगींत पडलेलें मूल दूध ओढीत नसे आणि दिवसेंदिवस खंगत जाई. मूल शांत आहे, एवढेंच डोळ्यांस दिसे. तें कां शांत आहे, हें कोणी पाहत नसे.

पुढें 1952 सालीं स्वित्झर्लंडांतील शास्त्रज्ञांनीं सर्पगंधेंतून रेसर्पीन हें द्रव्य वेगळें काढलें. लवकरच ते मनोरुग्णांनाहि देण्यांत येऊं लागलें व अनेकांचा क्षोभ शमला. पण त्याबरोबर दुसरी बाजूहि उघडी झाली. हें औषध घेणाऱ्या कांहींना दिवसाढवळ्यां झोंप येई, विचार मंद होत, हालचाली संथ होत, तर कांहींना उदासपणा ग्रासी. मज्जापेशी एकमेकींस निरोप पोंचवितात तो विशिष्ट रासायनिक द्रव्यांच्या द्वारें. रेसर्पीनमुळें त्या द्रव्यांचा सांठाच रिता होतो. 1957 सालीं स्वीडनमधील आर्विद कार्लसन यांनीं रेसर्पीन टोंचलेले ससे निश्चल पडतात आणि एल-डोपा दिल्यावर पुनः हालूं लागतात, असें दाखविलें. त्यावरूनच पुढें कंपवाताच्या उपचाराची वाट सांपडली, आणि 2000 सालीं कार्लसन यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

डॉ. वकील यांस 1957 सालीं अमेरिकेचें लास्कर पारितोषिक व 1958 सालीं भारत सरकारची पद्मभूषण ही पदवी मिळाली. 1974 सालीं ते निवर्तले. आज नवीं औषधें आल्यामुळें रेसर्पीनचा उपयोग क्वचितच होतो. परंतु एका रानमुळीचा गुण जगापुढें मोजून मांडणाऱ्यांत त्यांचें स्थान अढळ आहे.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? शांत झालेलें मन आणि निरोगी झालेलें मन हीं दोन निराळीं आहेत. झोंपेची गोळी, किंवा सर्दी-खोकल्याचें गुंगी आणणारें एखादें औषध, रात्रीं घेतलें तरी त्याचा अंमल कधीं कधीं दुसऱ्या सकाळपर्यंत राहतो. अशा वेळीं स्मरण मंदावतें, हात उशिरां हालतो, आणि नवल असें कीं, आपण मंदावलों आहों हेंच माणसास उमजत नाहीं. परीक्षेस बसणाऱ्यानें व गाडी हांकणाऱ्यानें हें विसरूं नये. आमच्या पालकबंधुभगिनींसहि विनंति कीं, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मुलास गुंगीचें औषध कधींहि देऊं नये. मूल रडत असेल, तर प्रथम त्याच्या रडण्याचें कारण शोधावें. परमेश्वरानें दिलेली जागृत बुद्धि हें फार मोठें धन आहे. तें वैद्याच्या सल्ल्यावांचून कोणाच्याहि स्वाधीन करूं नये.