दहा दिवसांचं बाळ गेलं आणि आनंदीबाई डॉक्टर व्हायला निघाल्या

३१ मार्च १८६५ ला जन्मलेल्या यमुनाचं नवव्या वर्षी लग्न झालं आणि ती आनंदी जोशी झाली. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने वीसेक वर्षांनी मोठे.

चौदाव्या वर्षी आनंदीला मुलगा झाला. तो फक्त १० दिवस जगला. बाळंतीण आणि बाळाला तपासायला बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरसमोर जायला बायका लाजायच्या. तेव्हाच आनंदीबाईंनी डॉक्टर व्हायचं मनावर घेतलं.

१८८३ मध्ये त्या कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला गेल्या, तेही नवऱ्याशिवाय. फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजात शिकताना प्रबंधासाठी विषय निवडला हिंदू समाजातल्या बाळंतपणाचा. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा वॉर्ड त्यांच्याकडे येणार होता. पण क्षयाने गाठलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता.

आता हे बीडमध्ये कशाला सांगायचं? तर आज दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ बघतात. म्हणजे दहावा दिवस दोन भेटींच्या मधे येतो. त्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेलं कुटुंब फडावर असेल, तर गावातल्या आशाताईंना तिथे पोचणं अवघड. म्हणून लक्षणं घरच्यांनाच माहीत हवीत.

बाळ दूध ओढत नाही. अंग तापलंय किंवा गार पडलंय. मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, किंवा श्वास घेताना छाती आत जाते. झटके येतात. बाळ मलूल पडलंय, हलवलं तरी जागं होत नाही. नाळेतून पू येतो. यातलं एकही दिसलं तर थांबू नका.

कावीळ बऱ्याच बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते आणि आपोआप जाते. पण पहिल्याच दिवशी बाळ पिवळं दिसलं किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर तातडीने दाखवायला हवं. नजर लागली म्हणून उतरवत बसण्यात वेळ जातो आणि एवढ्या लहान जिवाकडे तो वेळ नसतो.

अशा वेळी १०८ ला फोन करा. फडावरूनही गाडी बोलावता येते. आनंदीबाईंच्या बाळासाठी अशी सोय नव्हती.