आल्डो लिओपोल्ड : एका शिकाऱ्याची भूमिसेवा

थोर पुरुषांचीं चरित्रें वाचतांना आपल्याला बहुधा त्यांचे विजयच दिसतात; त्यांच्या चुका चरित्रकार हलक्या हातानें झांकून टाकतात. आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ज्या पुरुषाचें चरित्र ठेवीत आहों, त्याची थोरवी मात्र आपली चूक ओळखून ती उघडपणें कबूल करण्यांतच आहे. त्याचें नांव आल्डो लिओपोल्ड.

लिओपोल्ड यांचा जन्म ता. ११ जानेवारी १८८७ रोजीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत, मिसिसिपी नदीच्या कांठच्या बर्लिंग्टन गांवीं झाला. वडील कार्ल हे मेजांच्या कारखान्याचे चालक. त्यांना शिकारीचा मोठा षोक. पण ती शिकार नियमाची होती. वसंत ऋतूंत पक्षी वीण करितात, म्हणून त्या दिवसांत बंदूक हातीं धरावयाची नाहीं, असा निर्बंध त्यांनीं कायदा होण्यापूर्वींच स्वतःवर घालून घेतला होता. त्यांच्या मागोमाग रानांतून व पाणथळींतून हिंडतां हिंडतां आल्डो बंदूक चालविण्यास शिकला आणि डोळे उघडे ठेवण्यासही शिकला.

येल विद्यापीठांत वनविद्येचा अभ्यास संपवून १९०९ सालीं ते सरकारी वनखात्यांत दाखल झाले व ॲरिझोनांतील ॲपॅची अरण्यांत त्यांची नेमणूक झाली. त्या काळीं लांडगा दिसला कीं गोळी घालावी, हा तेथील सर्वमान्य रिवाज होता. लांडगे संपले म्हणजे हरणें वाढतील व तो मुलूख शिकाऱ्यांचा स्वर्ग होईल, असा तरुण लिओपोल्ड यांचाही हिशेब होता. त्याच वर्षीं त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं एका कड्यावरून लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडल्या. एक म्हातारी लांडगीण पडली. ते जवळ गेले तेव्हां तिच्या डोळ्यांतील तेज त्यांच्यादेखत विझत होतें. तें दृश्य मनांत रुतून राहिलें. परंतु मत त्या दिवशीं पालटलें नाहीं. पुढें कित्येक वर्षें लांडगे व पहाडी सिंह यांचा निःपात व्हावा म्हणून त्यांनीं न्यू मेक्सिकोंत खटपट केली. हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण मनुष्याचा खरा पालट एका क्षणांत क्वचितच होतो.

मत पालटलें तें वर्षानुवर्षें पाहून. लांडगे नाहींसे झालेल्या डोंगरांवर हरणें अतोनात वाढलीं. तोंड पोंचेल तेथवर त्यांनीं झुडपें व रोपें ओरबाडलीं, आणि अखेर तींच उपासमारीनें मेलीं. गुरांच्या अति चराईनें उघड्या पडलेल्या उतारांवरील माती पावसाबरोबर वाहून गेली. प्राणी, झाड, पाणी व माती हीं एकाच कुटुंबांतील माणसांप्रमाणें परस्परांस बांधलेलीं आहेत, एकाला काढलें कीं सारें घर खचतें, हें त्यांना उमगलें. त्यांच्याच प्रयत्नानें १९२४ सालीं न्यू मेक्सिकोंतील हीला अरण्याचा सुमारें ७,५०,००० एकरांचा भाग रस्ते व इमारती यांपासून मुक्त राखण्यांत आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अरण्यांत असें राखीव रान हें पहिलेंच. १९३३ सालीं ते विस्कॉन्सिन विद्यापीठांत वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेचे प्राध्यापक झाले.

परंतु व्याख्यान देणें सोपें, जमीन सुधारणें कठीण. १९३५ सालीं त्यांनीं बाराबू गांवाजवळ, विस्कॉन्सिन नदीकांठीं, सुमारें ८० एकरांचें एक टाकाऊ शेत विकत घेतलें. मका पिकवून पिकवून जमिनीचा कस गेलेला. उभें होतें तें केवळ एक कोंबड्यांचें खुराडें. पत्नी एस्टेला व पांच मुलें यांच्यासह त्यांनीं तें झाडून राहण्याजोगें केलें, आणि सुट्टीच्या दिवशीं सारें कुटुंब कुदळ-फावडीं घेऊन कामास लागलें. १९३६ च्या अवर्षणांत पहिलीं पाइनचीं रोपें जवळजवळ सर्व जळालीं. पुढच्या वसंतांत त्यांनीं पुनः लाविलीं. आणि त्यापुढेंही दरसाल लाविलीं. हजारों झाडें उभीं राहिलीं. त्या पांचही मुलांनीं पुढें निसर्गाच्या अभ्यासांत नांव मिळविलें.

१९४३ सालीं ते संस्थानाच्या निसर्गसंरक्षण मंडळाचे सभासद झाले. हरणें फार वाढलीं आहेत, माद्याही कमी केल्या पाहिजेत, असें त्यांनीं सांगितलें, तेव्हां लोक खवळले. ते डगमगले नाहींत. १९४४ सालीं त्या म्हाताऱ्या लांडगिणीची हकीकत लिहून त्यांनीं आपली जुनी चूक जगापुढें मांडली.

ता. २१ एप्रिल १९४८ रोजीं शेजाऱ्याच्या शेतांतील गवताला आग लागली. ती विझविण्यास धांवले असतां हृदयक्रिया बंद पडून वयाच्या ६१ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें. त्यांचें सर्वांत प्रसिद्ध पुस्तक प्रकाशकानें एकच आठवडा आधीं स्वीकारलें होतें. तें १९४९ सालीं निघालें. ज्या मुलुखांत ती लांडगीण पडली, तेथेंच १९९८ सालीं सरकारनें लांडगे पुनः सोडले.

विद्यार्थिमित्रांनो, चूक कबूल केल्यानें मनुष्याची किंमत कमी होत नाहीं. मात्र कबुलीनंतर हातीं कुदळ घ्यावी लागते. आणि पालकांस आमचें एवढेंच सांगणें कीं, कायद्यानें न सांगितलेला एक निर्बंध बापानें पाळला, तो मुलानें पाहिला. या चरित्राचा आरंभ तेथें आहे.