आर्थिक धक्का, तुटलेले धागे आणि दुर्खीम

१८७३च्या मे महिन्यात व्हिएन्नाचा शेअर बाजार कोसळला. आदल्या वर्षी त्या शहरात १४१ आत्महत्यांची नोंद झाली होती. १८७३मध्ये हा आकडा १५३ झाला आणि १८७४मध्ये २१६वर गेला. पैसा बुडाला म्हणून माणसे खचली, असा सरळ अर्थ कोणीही काढला असता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमील दुर्खीम मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत.

दुर्खीम यांचा जन्म १५ एप्रिल १८५८ रोजी पूर्व फ्रान्समधल्या एपिनाल इथे झाला. वडील, आजोबा आणि पणजोबा तिघेही ज्यू धर्मगुरू. दुर्खीम यांनी ती परंपरा सोडून अध्यापनाची वाट धरली. पॅरिसच्या नामवंत ‘एकोल नॉर्माल’च्या प्रवेश परीक्षेत ते दोनदा नापास झाले, तिसऱ्या खेपेस, १८७९मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. १८८७पासून ते बोर्दो विद्यापीठात शिकवू लागले.

त्या काळी आत्महत्येचे कारण वेडात, आनुवंशिकतेत, अगदी हवामानातही शोधले जाई. दुर्खीम यांना वेगळाच प्रश्न पडला. प्रत्येक देशातले आत्महत्यांचे प्रमाण वर्षानुवर्षे जवळपास सारखे राहते आणि मग एकाएकी बदलते, ते का? उत्तरासाठी त्यांनी सरकारी नोंदी धुंडाळल्या. भाचा मार्सेल मोस याने सुमारे २६ हजार प्रकरणांची वर्गवारी करून दिली. त्यातून १८९७मध्ये ‘आत्महत्या’ हा ग्रंथ तयार झाला.

नुसती गरिबी हेच कारण असते, तर सर्वांत गरीब प्रदेशांत आत्महत्या सर्वाधिक दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात हलाखीत जगणाऱ्या आयर्लंडमध्ये आणि इटलीतल्या कॅलाब्रियात त्या फारच कमी होत्या. उलट, एकीकरणानंतर इटलीत व्यापार आणि मजुरी वाढली, तसे आत्महत्यांचे प्रमाणही वाढले. यावरून दुर्खीम यांनी मांडले, की खरा धोका घडी अचानक विस्कटण्यात आहे. काय मिळवायचे, किती अपेक्षा धरायची, आपली जागा कुठली, हे माणसाला समाज शिकवतो. एका रात्रीत परिस्थिती पालटली की ही मोजपट्टीच हरवते. या नियमशून्य अवस्थेला त्यांनी ‘अनोमी’ म्हटले. कुटुंब, मुलेबाळे, धर्मसमूह यांच्याशी घट्ट बांधलेल्या माणसांत हे प्रमाण कमी असल्याचेही त्यांना दिसले. त्यांनी सुचवलेला उपायही त्याच जातीचा होता: एकाच व्यवसायातल्या लोकांचे संघ, जे पडत्या काळात आधार देतील आणि चढत्या काळात लगाम घालतील.

पहिल्या महायुद्धाने त्यांच्याच आयुष्याची घडी मोडली. अनेक विद्यार्थी रणांगणावर गेले ते परतले नाहीत. १९१५च्या अखेरीस मुलगा आंद्रे बाल्कन आघाडीवर मरण पावला. ती बातमी पक्की व्हायला काही महिने लागले. हे दुःख आणि ढासळती प्रकृती यांतून दुर्खीम सावरले नाहीत. १५ नोव्हेंबर १९१७ रोजी, वयाच्या ५९व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीवर पुढे टीका झाली. एखाद्या प्रदेशाच्या सरासरीवरून एकेका माणसाच्या मनातले सांगता येत नाही आणि मृत्यूच्या सरकारी नोंदीही नेहमी बिनचूक नसतात. मानसिक आजाराचा वाटा त्यांनी कमी लेखला. भरभराटीविषयीचा त्यांचा दावाही फारसा टिकला नाही. आर्थिक पडझडीविषयीचे निरीक्षण मात्र टिकले. युरोपातील २६ देशांचा एक अभ्यास २००९मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बेरोजगारीचा दर एक टक्क्याने वाढला, की ६५ वर्षांखालील व्यक्तींच्या आत्महत्या सुमारे ०.८ टक्क्यांनी वाढतात, असे त्यात आढळले. बेरोजगारांना पुन्हा कामाला लावणाऱ्या योजनांवर जिथे सरकारने जास्त खर्च केला, तिथे हा परिणाम सौम्य होता.

म्हणजे मंदी टाळणे प्रत्येक वेळी हातात नसले, तरी तिचा घाव किती खोल जाईल हे बरेचसे आधारावर ठरते. नोकरी गेलेला किंवा कर्जात अडकलेला माणूस गप्प राहू लागला, लोकांना टाळू लागला, तर त्याला एकटे सोडू नये. थेट विचारपूस करावी आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे सोबत जावे. केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तिथे मराठीतही बोलता येते.