पाण्याची वाट तपासता येईल अशी नहर बांधणारा मलिक अंबर

इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला चापू नावाचा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला. बगदादमध्ये त्याला अंबर हे नाव मिळाले. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतले. मालकाच्या मृत्यूनंतर तो गुलामीतून सुटला. १६०० मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा बुडती निजामशाही यानेच सावरली.

गनिमी काव्याने शत्रूची रसद तोडणे ही त्याची खासियत. १६२४ मध्ये भातवडी येथे तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची वाट चिखलात बुडवली. वाट नेमकी कुठे तोडली की सगळे ठप्प होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. वाट चालू ठेवायची कशी, याचा दाखला मात्र त्याने वसवलेल्या शहरात सापडतो.

१६१० मध्ये त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, राजधानी म्हणून वसवायला घेतली. शहराच्या उत्तरेकडचे भूगर्भातील पाणी जमिनीखालच्या नहरीने केवळ उतारावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. तिच्यावर ठिकठिकाणी मॅनहोल ठेवले होते. आत उतरून गाळ काढता येई. पाणी बंद झाले तर सगळी नहर उकरण्याची गरज नव्हती. एका मॅनहोलात पाणी आहे आणि पुढच्यात नाही, म्हणजे बिघाड त्या दोहोंच्या मध्ये.

लिनक्स संगणकावर इंटरनेट अडले की हीच रीत कामी येते. आधी ‘आयपी रूट’ आज्ञेने गेटवे, म्हणजे बाहेर पडायचे दार, बरोबर नोंदले आहे का ते पाहावे. मग त्या गेटवेला ‘पिंग’ करावे. तिथून उत्तर आले, तर ‘ट्रेसरूट’ वाटेतला एकेक टप्पा दाखवतो. मधेच चांदण्या दिसल्या म्हणून घाबरू नये. काही राउटर मुद्दाम उत्तर देत नाहीत. झाकण बंद असले तरी खालून पाणी वाहत असते, तसेच हे. मात्र चांदण्या शेवटपर्यंत राहिल्या आणि संकेतस्थळही उघडत नसेल, तर बिघाड शेवटी उत्तर देणाऱ्या टप्प्याच्या पुढे शोधावा. एक फरक लक्षात ठेवावा: पाणी एकाच दिशेने जाते, पॅकेटचे उत्तर परतही यावे लागते. म्हणून कधी जाण्याची वाट ठीक असते आणि परतीची तुटलेली असते.

१६२६ मध्ये अंबर वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. शहराचे नाव पुढे बदलत गेले, नहर मात्र शतकानुशतके वाहत राहिली. आज तिच्यावर रस्ते आणि घरे आली आहेत. मॅनहोल बुजले की बिघाडाची जागा कळत नाही, आणि सांडपाणी कुठून शिरते हेही कळत नाही. म्हणजे प्रश्न केवळ वारशाचा नाही, आरोग्याचाही आहे. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या या शहराने नहरीची उरलेली झाकणे तरी शोधून मोकळी ठेवावीत.